सही कुणाची?

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत नागपूरच्या एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ.)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी नागपूरच्या महाल भागात राहते, वय ६४. माझ्या सुनेला नववा आठवडा लागला आहे. पहिला मुलगा चार वर्षांचा आहे. ती मिहानमध्ये नोकरीला आहे. म्हणते, "आई, मला दुसरं नको." मुलगा म्हणतो, "तिचं ती ठरवेल." सोनोग्राफीला मीच तिच्यासोबत गेले होते. पडद्यावर ठोके दिसले, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. घरात कोणी माझं ऐकूनच नाही राहिलं. तो जीव नाही का? त्याच्या बाजूनं कोणी बोलायचं? आणि माझ्या मुलाची सही न घेता डॉक्टर असं करूच कसं शकतात?
– एक आजी

उत्तर : ताई, सहीचं आधी सांगते, कारण तेवढंच सोपं आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासू-सासऱ्यांची नाही, माहेरची नाही. १९७१ च्या कायद्यातच हे लिहिलेलं आहे. "मिस्टरांना सोबत आणा, त्यांची सही लागेल," असं आपल्याकडे बऱ्याच नर्सिंग होममध्ये सांगतात. ती त्यांची सवय आहे, कायदा नव्हे. लागतं ते डॉक्टरचं मत, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं. नुसतं "मला नको" एवढ्यावर आपला कायदा थांबत नाही. पण गर्भनिरोधक साधन फसून दिवस राहिले, तर त्याचा मनाला होणारा त्रास तो मान्य करतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तो जीव आहे का? आहे. "अजून नुसता गोळाच आहे" अशी तुमची समजूत मी घालणार नाही, तुम्ही ठोके डोळ्यांनी पाहिले आहेत. नवव्या आठवड्यात गर्भ दोन-अडीच सेंटीमीटरचा असतो आणि ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसायला लागतात. पण दुखणं-खुपणं जाणवायला मेंदूच्या वरच्या थरापर्यंत ज्या जोडण्या लागतात, त्या २४ व्या आठवड्याच्या आसपास तयार होतात, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे जीव आहे, पण त्याला अजून काही जाणवत नाही, तो काही इच्छित नाही, त्याला भीती वाटत नाही.

जीव असणं आणि माणूस म्हणून हक्क असणं, यांत आपण सगळेच फरक करत आलो आहोत. शेतीच्या वाटणीचंच बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पोटातल्या मुलाचाही हिस्सा धरतात, पण ते जिवंत जन्माला आलं तरच तो त्याला मिळतो. घरातही चौथ्या महिन्यात गर्भ गेला तर आपण रडतो, पण त्याचे दिवस जन्मलेल्या मुलासारखे करत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन महिला न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये कैदी स्त्रियांच्या एका प्रकरणात हेच सांगितलं की मानवी हक्क जन्मानंतर लागू होतात, आणि गर्भ बाईच्या शरीरात वाढतो म्हणून ठेवायचा की नाही हे तिनं ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, कायदा काहीही म्हणो, मला तो माझा नातूच वाटतो. ठीक आहे, तसंच धरू. समजा तो पूर्ण माणूस आहे. तरीही मी सुनेच्याच बाजूनं उभी राहीन, आणि का ते सांगते. तुमच्या जन्मलेल्या, चालत्या-बोलत्या नातवाची किडनी उद्या निकामी झाली आणि आईचीच जुळली, तर कितीतरी आया आनंदानं देतात. मी अशा बायका पाहिल्या आहेत, ऑपरेशनच्या आदल्या रात्री "माझं काय व्हायचं ते होवो" म्हणणाऱ्या. पण तिनं नाही म्हटलं, तर कोणतं न्यायालय, कोणता कलेक्टर तिला टेबलावर झोपवू शकत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात देणाऱ्याची राजीखुशी हीच पहिली अट आहे. मेलेल्या माणसाचं मूत्रपिंडसुद्धा कोणाच्या तरी परवानगीशिवाय काढत नाहीत. मग जिवंत बाईचं अख्खं शरीर नऊ महिने तिच्या मनाविरुद्ध कसं वापरायचं? हाडांतलं कॅल्शियम, रक्त, झोप, आणि बाळंतपणातला जिवाचा धोका, सगळं तिचं जातं.

किडनीच्या बाबतीत आईनं काही केलेलं नसतं, इथे दिवस तिच्यामुळेच राहिले, असा यावर आक्षेप घेतात. आक्षेपात दम आहे. नैतिक जबाबदारी असू शकते, मी नाकारत नाही. पण ती जबाबदारी तिची तिनं ओळखायची. बाकीच्यांनी तिचं शरीर धरून ती वसूल करायची, हे मला पटत नाही.

आणि ही जबाबदारी आठवड्यागणिक वाढत जाते, हेही मी मानते. म्हणूनच कायद्यात २४ आठवड्यांची रेघ आहे, आणि तिच्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईची, बाळंतपणानंतर मानसिक आजार झालेलीची, याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. २६ वा आठवडा चालू होता. खंडपीठावरच्या दोन्ही न्यायमूर्ती बायका, आणि दोघींचं मत वेगळं पडलं. शेवटी तिघांच्या पीठानं परवानगी नाकारली. तो निकाल वाचून मला त्या आईसाठी फार वाईट वाटलं, पण ते बाळ बाहेर जगू शकलं असतं, हेही मला डोळ्यांआड करता आलं नाही. २६ व्या आठवड्याचा प्रश्न माझ्यासाठी खरंच अवघड आहे. नवव्या आठवड्याचा नाही.

मी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, रेसिडेंट होते तेव्हा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावाकडून बायका यायच्या त्या गर्भ पाडायला आत 'काडी' घालून आलेल्या. उमरेडकडची एक बाई आठवते. तीन लेकरं, अंगात ताप इतका की चादर गरम लागायची, पोट फळीसारखं कडक. नवरा दारात उभा राहून विचारत होता, "कोणाला विचारून केलं हिनं?" कोणाला विचारायची सोय नव्हती म्हणूनच तर तिनं तसं केलं होतं. तिला आम्ही वाचवू शकलो नाही. १९६४ मध्ये सरकारनं गर्भपाताच्या प्रश्नावर शांतिलाल शाह समिती नेमली ती अशाच बायकांसाठी. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं, तेव्हा दारात आलेल्या बाईला "कोणाला विचारून?" असं त्यांनी विचारलं नव्हतं.

म्हणून ताई, सुनेशी एकदा निवांत बसा. तुमचं मन तिला सांगा, अगदी रडू आलं तरी चालेल. "दुसरं झालं तर मी सांभाळते" असं मनापासून म्हणायचं असेल, तर तेही म्हणा. कदाचित तिच्या निर्णयात त्याचा फरक पडेल. 'पाप' हा शब्द मात्र काढू नका, आणि नणंदा-जावांना फोन करू नका. एवढं करून ती नाही म्हणाली, तर दवाखान्यात तिच्यासोबत जा. सोनोग्राफीला गेलात तशाच.

प्रश्न : तुम्ही नेहमी म्हणता निर्णय बाईचा. मग मुलगी नको म्हणून बाईनंच गर्भपात करायचं ठरवलं, तर तिला कशाला अडवता?
– एक शिक्षक, कामठी

उत्तर : सर, गर्भाचं लिंग तपासण्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात २००१ ला ९१३ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. मुलगी पाडायला माझ्याकडे आलेली बाई क्वचितच एकटी आली. सोबत सासू असायची, बोलायचीही तीच. त्याला मी बाईचा निर्णय म्हणत नाही.

पण एखादी खरंच स्वतःच्या मनानं म्हणाली तर? तरीही ते चूकच. जी अजून आई व्हायला तयार नाही ती आईपण नाकारते. ही आईपण स्वीकारते आणि मुलगी नाकारते. मात्र कायदा कुठे बोट ठेवतो ते बघा. तो बाईच्या पोटावर पहारा बसवत नाही, सोनोग्राफीच्या मशीनवर बसवतो. लिंग सांगणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो आणि ज्या बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली ती शिक्षेतून सुटते. मला ही रचना योग्य वाटते. चुकतं ते अंमलबजावणीत. लिंगनिदानाच्या धाडींच्या धाकानं औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच घाबरतात. त्या गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंतच्या, आणि तेव्हा मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळतही नाही. भोगतात सरळ कारणानं आलेल्या बायका.

प्रश्न : वय २०, हॉस्टेलला राहते, लग्न झालेलं नाही. सात आठवडे झालेत. घरी कळलं तर शिक्षण बंद. मैत्रीण ऑनलाइन गोळ्या मागवून देते म्हणते.

उत्तर : बेटा, त्या गोळ्या घेऊ नकोस. आधी सोनोग्राफी हवी, कारण गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून आत रक्तस्राव होतो. डागा, मेयो किंवा मेडिकल, यांपैकी एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी जा, मैत्रिणीला सोबत ने. अविवाहित असलीस तरी कायदा तुझ्यासाठीही तोच आहे. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' या शब्दाऐवजी 'जोडीदार' आलं, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. आईवडिलांची सही कोणी मागितली तर "माझं वय २० आहे" म्हणून आधार कार्ड दाखव. तुझं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप चढला किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीला जा, आणि काय घेतलंस ते खरं सांग.