'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' कुठून आला?

तुम्ही विचारलंय की 'प्ले'चं 'प्लेड' होतं, 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, मग 'गो'चं 'वेन्ट' का? "अनियमित क्रियापद आहे, पाठ करा" हे नेहमीचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. 'वेन्ट' हे रूप अगदी नियमित आहे. फक्त ते 'गो'चं नाही.

इंग्रजीत 'वेंड' नावाचं एक क्रियापद होतं. मूळ अर्थ वळणे, वळवणे. त्यावरून वाट धरणे, निघणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट म्हणून पाहा, त्याच चालीवर वेंड-वेन्ट येतं. इकडे जुन्या इंग्रजीत 'गो'चं रूप होतं 'गान' आणि त्याचा भूतकाळ 'एओडे'. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही 'गो'ला स्वतःचा भूतकाळ नव्हताच, तेव्हाही तो उसनाच होता! पुढे 'एओडे' झिजत 'येडे', 'योडे' झाला आणि साधारण १५००च्या सुमारास 'वेन्ट'ने त्याची जागा पुरती घेतली. भूतकाळ हातचा गेल्यावर 'वेंड'ने 'वेंडेड' असं नवं रूप घडवलं. आज ते क्रियापद 'वेंड युअर वे', म्हणजे रमतगमत वाट काढत जाणे, एवढ्या प्रयोगापुरतंच उरलंय.

हे विचित्र वाटत असेल तर आपलंच 'जातो' आणि 'गेला' शेजारी ठेवून बघा. 'जा' आलाय संस्कृत 'या' धातूवरून, 'याति'चं प्राकृतात 'जाइ' झालं. 'गेला' आलाय 'गम्'वरून, 'गत'पासून. दोन धातू, एक क्रियापद. ('करतो-केला' तसं नाही बरं का, तिथे दोन्हीकडे 'कृ'च आहे.) फ्रेंचमध्ये तर 'जाणे'ची रूपं तीन मुळांतून जमली आहेत. या प्रकाराला भाषाशास्त्रात सप्लिशन म्हणतात. हेर्मान ओस्टहोफ या जर्मन अभ्यासकाने १८९९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं.

असं नेहमीच्याच शब्दांत का घडतं? कारण ते सतत कानावर पडतात. क्वचित वापरलं जाणारं रूप विसरलं की माणूस नियमाने नवं बनवतो, पण 'वेन्ट' विसरायला उसंतच मिळत नाही. मुलं 'प्लेड'च्या चालीवर 'गोएड' म्हणून पाहतात आणि काही काळाने सोडून देतात.

आता वापर. 'गो होम' म्हणा, मध्ये 'टू' नको. 'गो स्विमिंग'मध्येही नको. 'गो बॅड', 'गो ब्लाइंड', 'गो मॅड' यांत 'गो' म्हणजे 'होणे', आणि बदल बहुधा वाईटाकडे. खरं होण्याला मात्र 'कम ट्रू'. आपल्याकडेही वाया 'जातं', तडा 'जातो'.

'गोइंग टू'ने भविष्य सांगण्याची सुरुवात खरोखरच्या चालण्यातून झाली: कशासाठी तरी निघालेला माणूस ते काम पुढे करणार, हे ओघानेच आलं. नंतर जाणं गळलं, पुढचं काम उरलं. म्हणूनच ढग दाटून आले की 'इट इज गोइंग टू रेन' म्हणतात, पाऊस कुठे निघालेला नसला तरी. आपण 'जाणे'कडून वेगळंच काम करून घेतो: 'सांगितले जाते', 'केले जाते', म्हणजे कर्मणी प्रयोग.

शेवटी, सगळ्यात जास्त चुकणारी जागा. 'ही हॅज गॉन टू लंडन' म्हणजे तो लंडनला गेलाय, अजून परतलेला नाही. 'ही हॅज बीन टू लंडन' म्हणजे जाऊन आलाय. मराठीत 'तो लंडनला गेलाय' आणि 'तो लंडनला जाऊन आलाय' यांत तुमची गल्लत कधी होत नाही; तोच फरक मनात धरा, मग 'गॉन' की 'बीन' ते आपोआप सुचेल.