समोर बसून सांगितलं तरी ऐकलंच नाही

प्रश्न : ताई, आम्ही कराडला राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. मी भरली वांगी करते, समोर बसून वाढते, आणि हा एका हाताने घास घेतोय अन् दुसऱ्या हाताने मोबाईल सरकवतोय. परवा जेवताना सांगितलं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तो हं हं करत राहिला आणि रात्री मलाच विचारतो, "आई, बाबांच्या डोळ्याला काय झालंय?" मला रडूच आलं. बोलले तर म्हणतो ऑफिसचं असतं गं, तू जुन्या विचारांची आहेस. माझं चुकतंय का?

उत्तर : काकू, तुमचं अजिबात चुकत नाहीये. आणि हे जुन्या विचारांचंही नाही, समोरच्या माणसाला सोडून फोनमध्ये बघत बसणं इतकं सगळीकडे झालंय की २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यासाठी 'फबिंग' असा नवा शब्दच तयार केला.

तो मुद्दाम करत असेल असं मला वाटत नाही, टिंग वाजलं की हात आपोआप जातो, फोन ताटाशेजारी पालथा ठेवला तरी जातो. म्हणून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, मेसेजचे आवाज बंद आणि रिंग मोठी, म्हणजे ऑफिसचा कॉल आला तर ऐकू येईलच. पण हा नियम त्याच्या एकट्यासाठी नको हं, तुमचा आणि बाबांचा फोनही तिथेच गेला पाहिजे. तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की अख्खं गाव दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला लागलं, सगळेच ठेवतात म्हटल्यावर एकट्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

आणि बोलताना त्याची मान खाली गेली की तुम्ही वाक्य अर्ध्यात थांबवा. चिडू नका, टोमणा नको, नुसतं थांबा, त्याने वर बघितलं की मग पुढचं सांगा. त्या रात्री रडू आलं हेही त्याला सांगा, कारण त्याला ते माहीतच नसणार. जेवताना नको, संध्याकाळी दोघं प्रीतिसंगमावर चक्कर मारायला जा आणि तिथे बोला.

ऑपरेशनला मात्र त्यालाच रजा काढून बोलवा, डोळ्यात थेंब कधी आणि किती घालायचे ते डॉक्टरांकडून त्यालाच समजून घेऊ दे.