सुरक्षेचा चेहरा कोणाचा असावा?

प्रश्न : नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील आम्ही काही लघुउद्योजकांनी एकत्र येऊन एक सुरक्षा गट स्थापन केला आहे. आमच्यापैकी बहुतेकांकडे पंधरा ते साठ कामगार असून प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, प्लेटिंग आणि पावडर कोटिंग अशी कामे चालतात. येत्या ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापासून वर्षभराची मोहीम सुरू करण्याचा आमचा विचार आहे आणि तिला एखादा सर्वपरिचित चेहरा असावा असे सर्वांना वाटते. मालिकांमधील लोकप्रिय अभिनेता, जिल्ह्यातील नामवंत खेळाडू, एखादे दिवंगत कामगार नेते आणि एक शुभंकर, अशा चार सूचना पुढे आल्या आहेत. आम्ही कोणाची निवड करावी?
— गटाचे चिटणीस, सातपूर

उत्तर : आपल्या पत्रात चेहऱ्यासाठी चार पर्याय आहेत, परंतु त्या चेहऱ्याने कोणाला आणि नेमके काय सांगायचे, याविषयी एकही ओळ नाही. निवडीची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आपल्या देशात प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाहनाचा सर्वांत ठळक परिणाम पोलिओच्या मोहिमेत दिसला. अमिताभ बच्चन यांनी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगितली, की ठरलेल्या रविवारी मुलाला बूथवर आणा आणि डोस पाजा. मागणी एकच होती, ती पूर्ण करायला पालकांना खर्च नव्हता, आणि आवाहन ऐकून बूथवर पोहोचलेल्या आईला तिथे लस घेऊन बसलेली सेविका खरोखरच भेटत होती. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात त्या आवाजाचा वाटा निश्चित आहे. पण आवाजामागे शीतपेटी खांद्याला लावून वस्त्यांमधून फिरणारी माणसे नसती, तर लोक एकदा आले असते आणि दुसऱ्यांदा आले नसते.

आता हीच कसोटी आपल्या प्रेस शॉपला लावून पाहावी. पॉवर प्रेसवर बोटे तुटण्याचे प्रकार कशामुळे होतात, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कायमचे दाबून ठेवलेले असते किंवा पायाच्या पेडलवर काम चालते, हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर ‘सारखा ट्रिप होतो’, म्हणजे काम अडवतो, म्हणून काढून ठेवलेला असतो, डायमध्ये (साच्यात) अडकलेला जॉब (घडवायचा भाग) काढायला चिमटा नसतो, आणि शिफ्टचे टार्गेट मात्र भिंतीवर लिहिलेले असते. यांपैकी एकही गोष्ट ऑपरेटरच्या हातात नाही. अशा ठिकाणी अभिनेत्याने फलकावरून ‘सावध राहा’ असे कामगाराला सांगणे म्हणजे दोषाची दिशा बदलणे होय. बोट गेले की मग ‘एवढे सांगूनही ऐकले नाही’ असे म्हणायला फलकाचाच आधार मिळतो. धोका मुळातून काढून टाकणे, ते शक्य नसल्यास कमी धोक्याचा पर्याय शोधणे, मग यंत्राला गार्ड (संरक्षक आवरण) बसवणे, मग कामाची पद्धत सुधारणे आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मा, हेल्मेट, असा सुरक्षाशास्त्रातील क्रम आहे. बहुतेक मोहिमा या शेवटच्या पायरीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या मोहिमेच्या चेहऱ्याने प्रथम मालकांशी बोलावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन कारखान्यात ५०० कामगार असल्यास, आणि घातक प्रक्रिया असल्यास २५० कामगारांपासून पुढे येते. आपल्या गटातील एकही कारखाना या आकड्याजवळ जात नाही. याचा अर्थ असा, की आपल्याकडे गार्ड बसवायचा की नाही, हा निर्णय घेणारा, त्यासाठी पैसे देणारा आणि तो काढायला तोंडी परवानगी देणारा माणूस एकच असतो. त्याचे मन वळवू शकेल असा चेहरा हवा.

मालकाचे मन मालकच लवकर वळवतो. पॉल ओनील यांनी १९८७ साली अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी बोलले आणि ऐकणारे गोंधळून गेले. त्या भाषणाला वजन आले ते पुढच्या वागण्यामुळे. मेक्सिकोतील एका कारखान्यात विषारी वायूने कामगार आजारी पडल्याची घटना वरपर्यंत न कळवल्याबद्दल त्यांनी १९९६ साली एका ज्येष्ठ अधिकाऱ्याला कामावरून दूर केले. आपल्या गटात आकाराने कितीही लहान, पण स्वतःच्या शॉपमधील प्रत्येक प्रेसला सेन्सर बसवलेला आणि गार्ड काढलेल्या मशीनवर ऑर्डर उशिरा गेली तरी काम थांबवणारा एखादा उद्योजक असेलच. अंबडच्या चहाच्या टपरीवर ज्याच्याविषयी ‘तो जरा कडकच आहे’ असे बोलले जाते, तो बहुधा हाच. वर्षभरासाठी त्याला पुढे करावे.

इतर पर्यायांचाही विचार करू. अभिनेत्यामुळे उद्घाटनाला गर्दी होईल आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येईल. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये आणि सेन्सरसाठी लागणारे पैसे मानधनात घालवू नयेत. तरीही अभिनेताच हवा असेल, तर त्याला त्याच्या स्वतःच्या कामाच्या जागेविषयी बोलू द्यावे. चित्रीकरणाचा सेट हीसुद्धा कामाचीच जागा आहे. १९८२ साली बेंगळुरू येथे चित्रीकरण चालू असताना झालेल्या दुखापतीमुळे अमिताभ बच्चन मृत्यूच्या दारातून परत आले होते. त्या वेळी देशभर प्रार्थना झाल्या. पण हा कामाच्या ठिकाणचा अपघात आहे, असे त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

खेळाडूंमध्ये चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ यांच्यासारख्या व्यक्तीचा विचार करण्यासारखा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व करण्यापूर्वी त्यांनी विहिरी खोदण्याचे काम केले होते. अंगमेहनतीच्या कामात शरीराचे काय होते, हे त्यांच्यासारख्याला कोणी लिहून द्यावे लागणार नाही. मात्र कोणालाही विचारण्यापूर्वी तीन अटी लेखी ठेवाव्यात. पहिली, त्या व्यक्तीने कार्यक्रमाआधी किमान एका पूर्ण पाळीत, शक्यतो रात्रपाळीत, शॉप फ्लोअरवर फिरून कामगारांशी बोलावे, आणि त्या वेळी सुपरवायझर सोबत नसावा. दुसरी, मोहिमेच्या काळात ती व्यक्ती विनाहेल्मेट दुचाकीवर किंवा सीटबेल्टशिवाय गाडीत दिसल्यास करार संपेल. मोबाइलवरचे एक छायाचित्र वर्षभराचे काम बुडवते. तिसरी, ज्या कारखान्यात त्या व्यक्तीचे पोस्टर लागेल, तिथे गार्ड काढलेले यंत्र आढळल्यास पोस्टर उतरवण्याचा अधिकार तिला असेल. ही तिसरी अट मान्य करायला आपल्या गटातील किती जण तयार होतात, यावरून मोहिमेचे भवितव्य आधीच कळून येईल.

दिवंगत नेत्यांविषयी विचारले आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुमच्या मनात असेल, असे मी गृहीत धरतो. रविवारच्या सुट्टीसाठी ते सर्वांना माहीत आहेत आणि ती १८९० साली मिळाली. पण १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभांमधून त्यांनी पुढे मांडलेल्या मागण्यांमध्ये कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा देशात त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १९२३ साली झाला. त्यांची प्रतिमा अवश्य लावावी, परंतु हार घालून बाजूला होऊ नये. प्रतिमेखाली ती मागणी लिहावी, आणि शेजारी आपल्या गटात गेल्या वर्षी जखमी झालेल्या प्रत्येक कामगाराला किती दिवसांचे वेतन दिले गेले, तो तक्ता लावावा.

शुभंकराबद्दल एवढेच म्हणेन, की तो कामगार वसाहतीतील मुलांच्या चित्रकला स्पर्धेला चांगला.

प्रश्न : सिन्नरच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका ऑपरेटरची दोन बोटे गेली. सुरक्षा सप्ताहात त्यांनी व्यासपीठावर येऊन स्वतःचा अनुभव सांगावा आणि त्यांनाच आमचा ‘सुरक्षादूत’ करावे, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. त्यांनी होकार दिला आहे, तरी मला संकोच वाटतो.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपला संकोच योग्य आहे; मात्र कल्पना टाकून देण्यासारखी नाही. दहा पाहुण्यांच्या भाषणांनी जे होत नाही, ते ओळखीच्या माणसाच्या दहा वाक्यांनी होते. प्रश्न हा आहे, की ती वाक्ये कोण लिहिणार. अशा भाषणांची सुरुवात बहुतेक वेळा ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांनी होते आणि ती तशीच व्हावी, याची काळजी कोणीतरी घेतलेली असते. तुमच्याकडे त्यांना विचारावे, की त्या दिवशी गार्ड होता का, किती तासांची पाळी चालू होती, यंत्राविषयी आधी कोणी तक्रार केली होती का. ही उत्तरे व्यासपीठावरून सांगायला व्यवस्थापनाची तयारी असेल, तरच त्यांना बोलवावे.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. कंत्राटी कामगाराचा होकार हा होकार असतोच असे नाही. नकार दिल्यास काम जाईल, ही भीती त्यामागे असू शकते. म्हणून त्यांच्याशी घरच्या माणसांसमवेत, कारखान्याबाहेर बोलावे. राज्य कामगार विमा योजनेतील अपंगत्व लाभाचा किंवा भरपाईचा दावा अजून निकाली निघाला नसेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांनी जाहीरपणे काहीही बोलू नये. भाषणाचा वेळ पाळीत धरावा आणि त्याचे पैसे द्यावेत. हाताची मोठी छायाचित्रे लावू नयेत. सुरक्षादूत हे पद द्यायचेच असेल, तर त्यांना सुरक्षा समितीत जागा द्यावी आणि धोकादायक यंत्र बंद करण्याचा अधिकार द्यावा. नुसता बिल्ला देऊ नये.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. हे सारे कारखान्यांपुरतेच आहे का? आमच्या मजुरांना फवारणीच्या औषधांबद्दल कोणी सांगावे?
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : बाग हीसुद्धा कामाची जागाच आहे. आपल्याकडे छाटणीला आणि पेस्टिंगला, म्हणजे छाटलेल्या काड्यांना औषध लावायला, पेठ, सुरगाणा भागांतून टोळ्या येतात, आणि टोळी मुकादमाचे ऐकते. तेव्हा चेहरा मुकादमाचा असावा. स्त्रिया अधिक असतील, तर टोळीतील जाणत्या बाईचा. जिल्ह्यातील आदिवासी भागात मोठे नाव हवे असेल, तर सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांच्यासारख्या व्यक्तीने स्थानिक बोलीत ध्वनिमुद्रित केलेला दोन मिनिटांचा संदेशही उपयोगी पडेल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी मिळवलेले कांस्यपदक पाड्यापाड्यांवर माहीत आहे.

संदेश मात्र नेमका हवा. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काड्यांवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंगमध्ये जे हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते त्वचेला जाळते आणि शरीरात गेल्यावर मद्य पचवण्याची क्रिया अडवते. त्यामुळे काम उरकून संध्याकाळी थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. टोळीतील पुरुषांना हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. पेस्टिंगच्या आधीपासून आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद ठेवायची, ही एक गोष्ट मुकादमाने बागेत शिरण्यापूर्वी सांगावी. आणि रबरी हातमोजे, पाणी व साबण बागायतदाराने त्याच वेळी बांधावर आणून ठेवावेत.