कच्च्या कैद्याला सुधारणार कोण?

प्रश्न : भाचा मोबाईलचोरीच्या आरोपाखाली १३ महिने आत आहे. याआधी कधी शिक्षा झालेली नाही. जामीन मंजूर आहे, पण जामीनदार मिळत नाही. तुरुंगात माणूस सुधारतो म्हणतात. इथे तर काहीच दिसत नाही. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिसणार कसं? सक्तमजुरी, कारखान्यातलं काम, फर्लो (शिक्षेदरम्यानची ठरावीक रजा), शिक्षेतली सूट हे सगळं पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यासाठी. भाचा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला. त्याला काम सक्तीचं नाही. बराकीत बसायचं, तारखेची वाट बघायची. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चेच होते. त्यामुळे सुधारणेच्या गप्पा बहुतेकांपर्यंत पोचतच नाहीत.

आता आधी दोषारोपपत्रातलं कलम बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली साध्या चोरीला पहिल्या वेळी कमाल ३ वर्षं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की जातमुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) सुटका, जामीनदार लागत नाही. म्हणजे वर्ष पुरे. (आरोपीमुळे झालेली दिरंगाई यातून वजा होते.) अर्ज तुरुंग अधीक्षकांनी न्यायालयाला करायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्या आणि अर्जात अटकेची तारीख, कलम व पूर्वी शिक्षा नसल्याचं स्पष्ट लिहायला सांगा.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. सोबत रात्रीच्या घरफोडीचं कलम असेल, तर चोरीच्या उद्देशामुळे कमाल शिक्षा १४ वर्षं. तिचा तिसरा हिस्सा ४ वर्षं ८ महिने. आणि दुसरा खटला चालू असेल तर ४७९ चा फायदा मिळणं अवघड.

तसं असेल तर मंजूर जामिनाकडेच वळा. महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालय अट शिथिल करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनाचे पैसे मिळू शकतात; तेही प्राधिकरणाकडेच विचारा.

प्रश्न : त्याला खुल्या कारागृहात हलवता येईल का?

उत्तर : नाही. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. पण तिथली निवड चांगल्या वर्तणुकीच्या, शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांतूनच होते.