सामायिक चॅनेलवर बसण्याआधी

कंट्रोल रूमला नवीन आलायस, म्हणून सांगतो. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचा वायरलेसवरचा सामायिक चॅनेल रोजच्या बोलण्यासाठी वापरायचा नाही, मोकळाच ठेवायचा. सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा महापालिका, पोलीस, एसडीआरएफ, एनडीआरएफ, लष्कर सगळेच बचावकार्यात होते. अशा वेळी सगळे एकाच चॅनेलवर बोलू लागले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही.

बटण दाबल्या दाबल्या तोंड उघडू नकोस. क्षणभर थांब, रिपीटर, म्हणजे आपला आवाज पुढे लांबवर पोचवणारं यंत्र, उचलू दे. नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो, आणि नेमकं ठिकाणाचं नावच उडतं. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग तुझं. पोलिसांचे सांकेतिक शब्द फायरवाल्यांना कळतीलच असं नाही, म्हणून इथे साधं बोलायचं: "शंकरनगर चौक, कमरेएवढं पाणी, बोट पाठवा." समोरच्याने ते परत म्हणून दाखवेपर्यंत निरोप पोचला असं धरू नकोस. मी यावर फार अडून बसतो, तूही बस.

आणखी एक. फ्रिक्वेन्सी जुळली तरी टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा ठरलेला सूर, वेगळा असला तर सेट गप्पच राहतो. म्हणून ड्युटी सुरू होताच तिन्ही खात्यांशी टेस्ट कॉल कर. आणि रिपीटर बंद पडला तर थेट सेट-टू-सेट कुठल्या चॅनेलवर जायचं, हे पावसाळ्याआधीच सगळ्यांशी बोलून ठरव आणि टेबलासमोर लिहून लाव.