पावसाळ्यात क्लॅरिनेटच्या रीडवर (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्टीवर) काळे डाग पडतात आणि टोक वाकडं होतं. रीड नीट कशा ठेवायच्या?

आधी डाग नक्की कुठे आहेत ते बघा. सालीच्या बाजूला, जाड बुडाकडे तपकिरी ठिपके असतील तर घाबरू नका. रीड ज्या बोरूसारख्या पोकळ गवतापासून करतात, त्याच्या सालीवरच ते असतात. कापलेल्या पांढऱ्या भागावर काळं-हिरवं काही दिसलं, कुबट वास आला, तर ती बुरशी. अशी रीड मी धुऊन वाचवत बसत नाही, सरळ फेकतो. तोंडात घालायची वस्तू आहे शेवटी.

मी ठाण्यात राहतो. पहिल्याच पावसाळ्यात १० रीडचा अख्खा डबा घालवला, तोही इंटरनेटवरचे सल्ले पाळून! ते सल्ले बहुतेक थंड, कोरड्या देशांतले. तिकडे हिवाळ्यात हीटर लावला की रीड तडकते, म्हणून ते डबीत ओलावा टिकवायला सांगतात. आपल्याकडे जुलैत ओल्या रीड हवाबंद डबीत कोंडल्या तर आठवड्यात बुरशी. तोच सल्ला मे महिन्यात नागपूरला मात्र बरोबर ठरेल.

वाजवून झालं की रीड लगेच काढायची, माउथपीसवर (क्लॅरिनेटच्या तोंडात धरायच्या भागावर) अजिबात ठेवायची नाही. साध्या पाण्याखाली धरायची आणि अंगठ्याने बुडाकडून टोकाकडे हलकेच निपटायची. उलट्या दिशेने फडकं फिरवलंत तर टोक गेलंच म्हणून समजा. मग काचेच्या तुकड्यावर सपाट बाजू खाली ठेवून पंख्यापासून लांब १०-१५ मिनिटं वाळू द्यायची. टोक वाकडं होतं ते एक बाजू आधी आणि दुसरी नंतर वाळल्यामुळे, आणि काचेवर ते बरंच टळतं. त्यानंतर डबीत. पावसाळ्यात मी डबीचं झाकण किंचित उघडं ठेवतो आणि ती एका मोठ्या डब्यात ठेवतो. त्या डब्यात बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची एकच पुडी. जास्त टाकू नका, नाहीतर रीड पार खडखडीत होते. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक डब्यात ठेवलात तर अंदाज येतो. काटा ५० ते ६० टक्क्यांवर असला की पुरे.

एकच रीड रोज वाजवू नका. मी बुडावर पेन्सिलने १ ते ४ आकडे घालतो आणि आळीपाळीने घेतो. नवी रीड पहिले चार दिवस फक्त ५-१० मिनिटं.

आणि वाजवण्याआधी चूळ भरा. वडापाव आणि गोड चहावर वाजवलेली रीड लवकर मरते, हे अनुभवाने सांगतोय.

आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडमधले एक काका होते. त्यांची रीड सगळा सीझन माउथपीसवरच असायची. मऊ पडली की टोकावर नाणं धरून बाहेर राहिलेली कड काडीने जाळायचे, की पुन्हा कडक! मी एकदा करून पाहिलं, अर्धी रीड जळाली.

इतकं करूनही पावसाळा जड जात असेल तर जून ते सप्टेंबर सिंथेटिक रीड वापरा. महाग असते आणि मला तिचा आवाज जरा चकचकीत वाटतो, पण बुरशीची चिंता बरीच कमी होते. पुसून ठेवायची, बस्स.