बाबा, तुम्ही गरीब होता का?

ईरा,

परवा कपाट आवरताना तू विचारलंस, "बाबा, तुम्ही लोक गरीब होता का? म्हणून तू काहीच टाकू देत नाहीस?" आणि मी "नाही गं, तसं काही नाही" असं काहीतरी पुटपुटून खाली निघून गेलो. तुला वाटलं असेल मी चिडलो. चिडलो नव्हतो, पण लागलं जरा, कारण उत्तर मलाच पटकन सापडेना. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे नाशिकला असलं काही नव्हतं, हे तुमचं खानदेशी प्रकरण आहे, मला मध्ये घेऊ नका. म्हणून लिहितोय. लांब होणार आहे. कंटाळा आला तर मधलं सोडून दे, नाही वाचलंस तरी चालेल (हे मी नुसतं म्हणतोय).

तर गरीब होतो का. जिभाऊंकडे, म्हणजे तुझ्या आजोबांकडे, शेत होतं, विहीर होती, बैलजोडी होती, खायची कधी ददात नव्हती, गावात आम्हाला कुणी गरीब म्हणत नव्हतं. पण घरात रोख पैसा यायचा तो वर्षातून एकदाच, कापसाचा. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, म्हणजे कापूस पणन महासंघालाच घालायचा, दुसरीकडे विकायचा नाही, आमच्याकडे सगळे त्याला नुसतं फेडरेशन म्हणायचे. अमळनेरच्या केंद्राबाहेर बैलगाड्यांची ही मोठी रांग, जिभाऊ थंडीत गाडीखालीच झोपायचे, मग ग्रेड लागायचा, मग काटा, मग चेक, आणि चेक कधी येईल ते कुणीच सांगू शकायचं नाही. दिवाळी मात्र तारखेलाच यायची ना. मग जिभाऊ अमळनेरच्या कापड दुकानातून उधारीवर एक अख्खा तागा आणायचे आणि त्यातून मला, तुझ्या मोठ्या काकाला, नानाकाकाच्या दोन्ही पोरांना सगळ्यांना एकाच छापाचे शर्ट शिवायला टाकायचे. तो फोटो तू पाहिलायस, ज्यात आम्ही चौघं बँडपार्टीसारखे दिसतो आणि तू हसून हसून लोळली होतीस. त्या फोटोतलं कापड टेरिकॉट आहे बरं का, पॉलिस्टर मिसळलेलं. म्हणजे आमचा कापूस गाडीत भरून जायचा आणि आमच्या अंगावर टेरिकॉट यायचं, कारण ते फाटायचं नाही, इस्त्री लागायची नाही. तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही, आता वाटतं.

मोठ्या मायला टेरिकॉट अजिबात आवडायचं नाही. (मोठी माय म्हणजे जिभाऊंची आई, तू तिला नाही पाहिलंस.) ती म्हणायची याला घाम कळत नाही. तिची सगळी सुती लुगडी, नऊवारी, आणि एकेक लुगडं किती जन्म घ्यायचं ते सांगतो. नऊवारी बसण्याच्या जागी मधे विरतं, काठापदर मात्र धडधाकट असतात, मग मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडायची, याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं घरात, शेतात नेसायचं, लग्नाकार्याला नाही. ते पण विरलं की त्याची तान्ह्या बाळाला झोळी, किंवा दुपटी, लंगोट, कारण नव्या कापडाची खळ बाळाला टोचते आणि शंभरदा धुतलेलं सुती कापड टोचत नाही. मग गोधडीत. गोधडी फाटली की पायपुसणं, पोतेरं, आणि पोतेऱ्याचंही काही उरलं तर चूल पेटवायला. कुणी काही टाकायला निघालं की तिचं ठरलेलं, "फेकू नको रे, काममा ई." आणि खरंच यायचं कामात! हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, तिला दुसरा मार्गच माहीत नव्हता.

गोधड्या शिवायच्या त्या उन्हाळ्यात, कापूस घरातून गेला, शेतं रिकामी झाली की. दुपारी बाहेर ऊन पंचेचाळीसच्या घरात, ओट्यावर सावलीत बायका बसलेल्या, मधे कापडांचे थर पसरलेले, आणि चारी बाजूंनी धावदोरा घालत आत आत यायचं. माझं काम सुईत दोरा ओवून द्यायचं, कारण मोठ्या मायला दिसायचं नाही आणि ते ती कबूल करायची नाही. वरचा थर चांगल्या लुगड्याचा, आत काहीही. एका गोधडीत तर पणजोबांचं खादीचं धोतर होतं, ते १९३६ ला फैजपूरच्या काँग्रेसला बैलगाडीने गेले होते आणि तिथून आल्यावर मरेपर्यंत खादीच घातली, तर ते धोतर इतकं जाड की सुई वाकायची आणि मोठी माय सासऱ्याला शिव्या देता येत नाहीत म्हणून गांधीबाबाला द्यायची. रात्री गच्चीवर झोपताना आम्ही पोरं ओळखायचो, हा तुझ्या आत्याचा परकर, हा जिभाऊंचा सदरा, हे कुणाचं, हे कुणाचं. आणि नवरात्राच्या आधी सगळ्या गोधड्या बोरी नदीवर धुवायला. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, एकाने सोडली की दुसरा पाण्यात, त्यातली निम्मी मजा तीच होती.

टेरिकॉटचे कपडे मात्र गोधडीत जायचे नाहीत. घसरतात, टाका धरत नाहीत, पाणी शोषत नाहीत म्हणून पोतेरं पण होत नाही. ते भांडेवालीकडे जायचे. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, खांद्याला कपड्यांचं बोचकं, तिची हाक आली की तुझी आजी आधी दाराआड उभी राहून शेजारचीचा सौदा किती वर तुटतोय ते ऐकून घ्यायची आणि मगच बाहेर. भांडेवाली प्रत्येक पॅन्ट उजेडाकडे धरून बघणार, ढुंगणावर विरलीय म्हणणार, आजी म्हणणार विरली नाही तो रंगच तसा आहे, ती भांडी टोपलीत भरून उठणार, चार पावलं जाणार, परत येणार. तू शाळेत पास्ता नेतेस ना तो झाकणाचा डबा, ती जिभाऊंची एक पॅन्ट आणि माझे दोन शर्ट आहेत. म्हणून त्यावर नाव कोरलेलं नाही, बाकी आहेरातल्या सगळ्या भांड्यांवर आहे, बघ.

आहेरावरून आठवलं, आमच्याकडे न वापरलेले कपडे पण फिरायचे. टॉवेल-टोपी, शर्टपीस, ब्लाउजपीस, आहेराच्या साड्या, या लग्नातून त्या लग्नात. आजीने एकदा दिलेली जांभळी साडी फिरत फिरत चोपड्याच्या मावशीकडून आपल्याच घरी परत आली, घडी न मोडता. आजीने ती पुढच्या आठवड्यात दुसरीकडे देऊन टाकली. त्या साड्या नेसायच्या नसतातच.

आता हे सगळं वाचून तुला वाटेल बाबा म्हणतोय आमचं किती छान होतं. तसं नाहीये गं. घरात सगळ्यांचे कपडे एकाच वलणीवर असायचे, कुणाचं काय असं फार नव्हतं, ते ऐकायला बरं वाटतं, पण मी लहान होतो म्हणजे माझ्याकडे जे यायचं ते आधी दोघांनी घातलेलं यायचं. चौथीत नानाकाकाच्या मोठ्याने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "ही माझी पॅन्ट आहे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, खरंच त्याचीच होती. मी आठवडाभर शाळेत पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आणि काशीबाई, जी आपल्याकडे भांड्याला यायची, तिला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जुनी साडी आणि आत्याचे लहान झालेले फ्रॉक मिळायचे. आजी धुऊन, घडी करून, पदराचा एक दोरा काढून घेऊन द्यायची, मनापासून द्यायची. काशीबाई घ्यायची, कपाळाला लावायची. पण तिची मुलगी आत्याच्याच वर्गात होती, आणि आत्याचा फ्रॉक घालून ती शाळेत आली की आत्याकडे बघायची नाही. आत्याच्या मैत्रिणी बघायच्या. हे मी तेव्हाही पाहिलेलं आहे. आता कुणी जुन्या पद्धती किती सुंदर वगैरे लिहिलं की मला ती मुलगी आठवते आणि पुढचं वाचवत नाही.

मग मी इथे अमेरिकेत का साठवतो? इतक्या दिवसांनी मला एवढंच सापडलंय की आमच्याकडे कपडा घरातून निघायच्या आधी तो कुणाकडे जाणार ते माहीत असायचं. चांगलं की वाईट ते सोड, पण माहीत असायचं. इथे काळ्या पिशवीत भरून कपडे दान करायच्या त्या पत्र्याच्या पेटीत ढकलायचं आणि झाकण धाडकन लागतं, तिथेच माझा हात अडतो. कुठे जातं ते? आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १ नोव्हेंबर २०२२ पासून कपडे, बूट, चादरी कचऱ्यात टाकायला बंदी आहे, बुरशी लागलेलं किंवा तेला-घाणीत भिजलेलं असेल तरच चालतं, हे तुला माहीत नव्हतं ना? मला पण शेजारच्यांनी सांगितलं. आणि इथल्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा आकडा आहे की त्या एका वर्षात अमेरिकेत १ कोटी १३ लाख टन कापड जमिनीत पुरलं. दान केलेल्यातलं पण सगळं इथल्या दुकानात लागत नाही, बरंच गठ्ठे बांधून जहाजाने बाहेर जातं, घानात अक्राचा कांतामांतो बाजार त्यावरच चालतो, लोकरीचं काही पानिपतला जातं आणि तिथे पिंजून, कातून त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणजे तुझा जुना स्वेटर तुझ्या आधी इंडियाला पोचेल, चालतंय की.

पण खरं सांगू का, माझं साठवणं त्याने पण बरोबर ठरत नाही. बेसमेंटमधल्या माझ्या त्या तीन खोक्यांत जवळजवळ सगळं पॉलिस्टर आहे. त्याची गोधडी होणार नाही, त्याने ओटा पुसला जाणार नाही, इथे भांडेवाली येणार नाही. मोठी माय असती तर तिने पण हात लावला नसता. मी सवय घेऊन आलो, कापूस तिकडेच राहिला.

तुझी पाचवीची लॉवेलची ट्रिप आठवते? नंतर जिभाऊ आले तेव्हा त्यांना आपण तिथे परत नेलं होतं, बूट मिल नावाच्या जुन्या कापडगिरणीत. मागांचा तो खडखडाट ऐकून ते म्हणाले अमळनेरची प्रताप मिल अशीच वाजायची, आणि तिथे दाखवायला ठेवलेला कापूस त्यांनी चिमटीत धरून ओढून बघितला, "लांब धागा से, भाव चांगला भेटी." तू लाजून लांब जाऊन उभी राहिलीस. तेव्हा सांगायचं राहिलं, की त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा, आणि १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना तेव्हा भाव आला आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला. आपल्या गावातले जुने वाडे त्याच पैशाचे असं जिभाऊ सांगतात. तू त्या दिवशी लाजलीस त्याचं मला काही नाही, मी पण जिभाऊंना घेऊन अमळनेरच्या दुकानात जायला लाजायचो.

आणि एक, तू जन्मलीस तेव्हा आजीने बॅगेतून जुन्या धोतराची, लुगड्याची दुपटी आणली होती. तुझ्या आईला पटत नव्हतं, इन्फेक्शन होईल म्हणाली, आजीने समोर उभं राहून दोनदा उकळली. हॉस्पिटलचं पट्ट्यापट्ट्यांचं ब्लँकेट काढून घरी तुला त्यातच गुंडाळलं आणि तू झोपलीस. आता ते धोतरामुळे की दमल्यामुळे, देव जाणे. त्यातलं एक माझ्याकडे आहे. तुला नको असेल तर नको, मी जबरदस्ती करणार नाही, पण ते खोक्यातलं नाही, ते वेगळं ठेवलंय एवढं सांगून ठेवतो.

जळगावच्या जुईला पाठवू म्हणू नकोस. मागच्या वेळी बॅगभर नेले होते, तिने थँक्यू काका म्हणून कपाटात ठेवले आणि आजी म्हणते अजून तिथेच आहेत. तिचे कपडे तुझ्यापेक्षा भारी असतात.

तर शनिवारी जाऊ. शेल्टरच्या लोकांना मी फोन केला होता, त्यांना हिवाळ्याचे कोट आणि मुलांचे बूट हवेत, बाकी नको म्हणाले, म्हणजे तेवढ्याचं तरी आपल्याला माहीत असेल. उरलेलं पेटीत. माझी तीन खोकी पण घे, फक्त आधी मला एकदा बघू दे. बरं, बघत पण नाही, तूच बघ. त्यात एक सुती चादर आहे, निळ्या फुलांची, ती तेवढी देऊ नकोस, यूट्यूबवर धावदोरा बघितलाय मी, पण इथे एवढी मोठी सुई कुठे मिळते ते जरा शोधून दे.

बाबा